समुद्राकाठचा लोहमार्ग आणि त्याची राखण

जपानला आलेला आपल्याकडचा पाहुणा पहिल्या दोन दिवसांत शिंकान्सेनमध्ये बसतो आणि मायदेशी परतल्यावर तिच्या वेगाच्या व वक्तशीरपणाच्या गोष्टी आप्तेष्टांना सांगत राहतो. त्यात वावगे काही नाही. परंतु या देशाच्या रेल्वेपासून आपण काही शिकावयाचे असेल तर ते त्या झगमगत्या गाडीपाशी नव्हे, तर समुद्राला खेटून जाणाऱ्या, एक-दोन डब्यांच्या गाड्या धावणाऱ्या जुन्या मार्गांपाशी शिकावे, असे आम्हांस अनेक वर्षांच्या येथील वास्तव्यानंतर वाटू लागले आहे. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस खवळलेला समुद्र आणि मध्ये हातभर रुंदीची जमीन. त्या जमिनीवरून आगगाडी चालू ठेवणे हे एका दिवसाचे शौर्य नसून पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे.

आम्ही व्यवसायाने वैद्य. स्थापत्यशास्त्राचे पदवीधर नव्हे. तरीही या स्मरणिकेसाठी हा विषय निवडण्यास कारण आहे. ही पाने वाचणाऱ्या कुटुंबांपैकी कित्येकांची मूळ गावे मंडणगड, खेड, चिपळूण, राजापूर या तालुक्यांत आहेत. वृद्ध आईवडील तेथे आहेत. सुटीत मुलांना घेऊन आपण ज्या गाडीने गावी जातो ती कोकण रेल्वेची गाडी पावसाळ्यात दरडींच्या छायेतून जाते. तेव्हा हा प्रश्न परका नाही.

जपानची भूमी बहुतांशी डोंगराळ. सपाट जागा थोडी, तीही किनाऱ्यालगत. म्हणून येथील जुने लोहमार्ग डोंगराच्या पायथ्याशी आणि लाटांच्या काठाशी टाकले गेले. शिझुओका प्रांतातील युई हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. तेथे सात्ता घाटाचा कडा थेट समुद्रात उतरत असे. १८५४ सालच्या मोठ्या भूकंपाने किनारा वर उचलला गेला आणि कड्याखाली चालण्यापुरती जमीन उघडी पडली. त्याच अरुंद पट्टीवरून १८८९ साली तोकाइदो लोहमार्ग गेला. पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १ आणि तोमेई द्रुतगती मार्गही तेथूनच गेले. तोक्यो आणि ओसाका यांना जोडणाऱ्या तीन धमन्या एका कड्याच्या पायथ्याशी एकत्र आल्या आहेत. एका भूकंपाने दिलेली जमीन दुसऱ्या भूकंपाने बुजवली तर काय, ही चिंता येथील शासनाला स्वस्थ बसू देत नाही.

ही चिंता पुस्तकी नव्हे. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात नेबुकावा स्थानकावर वरचा डोंगर कोसळला आणि स्थानक व फलाटाशी येत असलेली गाडी समुद्रात ढकलली गेली. शंभराहून अधिक माणसे मेली. त्याआधी दीड वर्ष, ३ फेब्रुवारी १९२२ रोजी, जपान समुद्राच्या काठी ओयाशिराझूजवळ एका गाडीवर हिमकडा कोसळून नव्वद माणसे मृत्युमुखी पडली. या दुसऱ्या दुर्घटनेपाशी आम्ही क्षणभर थांबू इच्छितो. कारण त्या गाडीतील बहुसंख्य माणसे सामान्य प्रवासी नव्हती. ती आसपासच्या खेड्यांतून आणलेली मजूर मंडळी होती. बर्फाने अडलेला मार्ग मोकळा करून ती घरी परतत होती. मार्ग ज्यांनी राखला त्यांनाच मार्गाने गिळले. लोहमार्गाच्या इतिहासात अभियंत्यांची नावे कोरली जातात. फावडे धरणाऱ्यांची केवळ संख्या उरते. आपल्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. घाटांतील बोगदे कोणी खोदले, रुळांखाली खडी कोणी भरली, पावसात कंदील घेऊन कोण चालले, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातांना ठाऊक होते.

आता कड्याच्या आजाराकडे वळू. 'आजार' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. दरड कोसळली की आपण पावसाला दोष देतो. पण पाऊस हे निमित्त असते. डोंगराच्या पोटात मुरलेले पाणी मातीच्या थरांमध्ये साठते, त्याचा दाब वाढतो, थरांची एकमेकांवरची पकड सुटते आणि मग आधीच झुकलेला उतार एके रात्री खाली येतो. छातीत पाणी झालेल्या रुग्णाला केवळ बाहेरून पट्टा आवळून बरे करता येत नाही. पाणी काढावे लागते. युई येथे नेमके हेच केले जात आहे. १९६१ साली तेथे मोठी दरड आली. जुलै १९७४ च्या अतिवृष्टीत पुन्हा डोंगर घसरला आणि तोकाइदो मार्ग अनेक दिवस बंद राहिला. २००५ पासून केंद्रीय शासनाने हे काम स्वतःकडे घेतले. डोंगरात खोल विहिरी खोदून त्यांतून आडव्या नळ्या चहूकडे घातल्या. त्यांतून आतले पाणी विहिरीत येते आणि तेथून बाहेर काढले जाते. जेथे एवढ्याने भागत नाही तेथे घसरणारा थर भेदून खालच्या पक्क्या खडकापर्यंत जाड काँक्रीटचे खांब रोवले. जमीन किंचित सरकली तरी नोंद करणारी यंत्रे बसविली. रोगी अद्याप चालता-बोलता आहे तोवरच त्याच्या उशाशी बसणे, यास आमच्या शास्त्रात प्रतिबंधक उपचार म्हणतात. आणि सर्वांत कमी टाळ्या याच उपचारास मिळतात, कारण जे घडले नाही त्याचे छायाचित्र वृत्तपत्रांत येत नसते.

समुद्राकडची बाजू अधिक फसवी आहे. डिसेंबर १९७२ मध्ये उत्तरेकडील गोनो मार्गावर, फुकाऊराजवळ, उंच लाटांनी रुळांखालचा भराव वाहून नेला. वर रूळ तसेच लोंबकळत राहिले. अंधारात आलेले वाफेचे इंजिन समुद्रात पडले आणि चालक प्राणास मुकला. वरून मार्ग शाबूत दिसतो आणि खाली आधार नसतो, ही किनाऱ्यावरील धुपेची रीत आहे.

ही धूप होते का? किनाऱ्याची वाळू ही स्थावर मालमत्ता नव्हे. ती चालती आहे. नद्या ती आणतात, लाटा ती किनाऱ्याने पुढे नेतात, आणि येणारी व जाणारी वाळू सारखी असेल तोवर किनारा जागच्या जागी राहतो. नदीवर धरण बांधले, पात्रातून रेती उपसली, बंदरासाठी समुद्रात लांब धक्का टाकला, की आवक तुटते. खर्च मात्र चालूच राहतो. निइगाताचे उदाहरण येथे शाळकरी मुलांनाही शिकवितात. शिनानो नदीच्या पुरापासून मैदान वाचविण्यासाठी ओकोझू येथे कालवा काढून १९२२ साली पुराचे पाणी परस्पर समुद्रात सोडले. मैदान वाचले, भातशेती पिकली. परंतु निइगाता शहराच्या किनाऱ्याला मिळणारा गाळ आटला, बंदराच्या धक्क्यांनी त्यात भर घातली आणि किनारा तीनशे मीटरहून अधिक मागे हटला. एका ठिकाणचा उपकार दुसऱ्या ठिकाणी वसूल झाला.

यावर जपानने योजलेला उपाय प्रत्येक प्रवाशाने पाहिलेला असतो: चार पायांचे काँक्रीटचे अवाढव्य ठोकळे. त्यांचा मूळ शोध फ्रान्समधला, परंतु त्यांचा संसार थाटला गेला तो जपानमध्ये. लाटेचा जोर मोडण्याचे काम ते चोख करतात, हे मान्य. मात्र ठोकळे वाळू निर्माण करीत नाहीत. जेथे ते टाकले तेथील भराव वाचतो आणि बऱ्याचदा पलीकडच्या गावाचा किनारा खचू लागतो. मग तेथेही ठोकळे. (कोकणातील धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची कथा याहून फारशी निराळी नाही, तेथे ठोकळ्यांच्या जागी काळा दगड असतो, आणि एका वाडीपुढचा बंधारा संपतो तेथे शेजारच्या वाडीची माडाची बाग पडू लागते.) ठोकळ्यांना आमचा विरोध नाही. ते वेदनाशामक औषध आहे, आणि वेदनाशामकावर आयुष्य काढू नये, एवढेच म्हणणे आहे.

तिसरा मार्ग माघारीचा. इतोइगावा ते नाओएत्सु हा किनारी मार्ग दरडींनी इतका पिडलेला होता, आणि १९६३ साली नोऊ येथील दरडीने असे काही भान आणले, की जपानच्या तत्कालीन राष्ट्रीय रेल्वेने समुद्राकाठचा मार्गच सोडून दिला. डोंगराच्या पोटातून ११,३५३ मीटर लांबीचा कुबिकी बोगदा खोदून १९६९ साली गाड्या आतून नेल्या. त्सुत्सुइशी हे स्थानक त्या बोगद्यातच आहे. फलाटावर उतरण्यास पावणेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, गुडघेदुखीच्या रुग्णास आम्ही ते स्थानक सुचविणार नाही. जुन्या मार्गावरून आज सायकलींचा रस्ता जातो. माघार घेणे म्हणजे पराभव, असे मानणाऱ्यांनी तो रस्ता एकदा पाहावा. तेथे लोहमार्ग मागे सरला, पण माणसांना सोडून गेला नाही.

माणसांना सोडून जाणारी माघारही आम्ही याच देशात पाहिली. होक्काइदो बेटावरील हिदाका मार्ग तोमाकोमाईपासून सामानीपर्यंत १४६.५ किलोमीटर, त्यातील बराच भाग थेट पॅसिफिक महासागराच्या काठाने. जानेवारी २०१५ मध्ये उंच लाटांनी अत्सुगा आणि ओकारिबे या स्थानकांमधील भराव वाहून नेला. मुकावापासून सामानीपर्यंतचे ११६ किलोमीटर बंद झाले. दुरुस्ती लांबली, त्याच वर्षीच्या आणि २०१६ च्या वादळांनी आणखी ठिकाणी भगदाडे पाडली, अंदाजित खर्च फुगत गेला. रेल्वे कंपनी म्हणे, प्रवासी थोडे, तोटा मोठा, एवढा पैसा आमच्यापाशी नाही. काठावरच्या नगरपालिका म्हणत, आमच्यापाशी तर त्याहून नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सात नगरांनी मार्ग बंद करण्यास संमती दिली आणि १ एप्रिल २०२१ रोजी तो कागदोपत्रीही संपला. म्हणजे सहा वर्षे रुग्ण शय्येवर पडून होता आणि देयक कोणी भरावयाचे याची चर्चा चालू होती.

हा प्रांत कोणता, हेही वाचकांनी जाणून घ्यावे. हिदाका ही ऐनू लोकांची भूमी. १६६९ साली शाकुशाइनने ज्या उठावाचे नेतृत्व केले त्याचे केंद्र शिझुनाई याच मार्गावर. जपानच्या संसदेत १९९४ साली गेलेले पहिले ऐनू सदस्य शिगेरू कायानो हे जवळच्या निबुतानी गावचे. त्याच गावी सारू नदीवर धरण बांधण्यात आले. १९९७ साली साप्पोरोच्या न्यायालयाने ऐनूंची जमीन घेणे बेकायदेशीर ठरविले, परंतु धरण तोवर उभे राहिले होते म्हणून ते राहू दिले. त्या धरणात गाळ झपाट्याने साठला. धरणात अडलेली वाळू किनाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, एवढे सांगावयास तज्ज्ञ नको. वरच्या खोऱ्यातील लोकांना विचारले नाही, आणि खालच्या किनाऱ्याची गाडी गेली; निर्णय दोन्ही वेळी दूरच्या कचेरीतच झाला.

आता बस धावतात. बस वाईट नाहीत. त्या रुग्णालयाच्या दारापर्यंत जाऊ शकतात, हा त्यांचा गुण आम्ही वैद्य या नात्याने नाकारणार नाही. परंतु ज्या प्रांतात तरुण शहरांकडे गेले आणि मागे वृद्धच उरले, तेथे तपासणीसाठी मोठ्या शहरी जाणे हे एक दिवसाचे कष्टाचे काम असते. प्रवास अवघड झाला की पहिल्यांदा लग्नकार्याला जाणे बंद होत नाही, पहिल्यांदा रक्तदाबाची तपासणी बंद होते. पुढे तो रुग्ण रुग्णवाहिकेतून येतो. रेल्वेच्या ताळेबंदात वाचलेला पैसा असा आरोग्याच्या खात्यात खर्ची पडतो आणि दोन्ही खाती वेगवेगळ्या कचेऱ्यांत असल्यामुळे बेरीज कोणी करीत नाही.

याच देशात याच काळात दुसरे घडले आहे. ईशान्य किनाऱ्यावरील सानरिकू रेल्वे मार्च २०११ च्या त्सुनामीने ठिकठिकाणी वाहून गेली होती. एप्रिल २०१४ मध्ये ती पूर्ववत धावू लागली. प्रवासी तेथेही थोडेच होते. परंतु पुनर्बांधणीचा भार शासनाने उचलला. नव्या डब्यांसाठी दूरच्या कुवेत देशाचेही साहाय्य आले. ऑक्टोबर २०१९ च्या वादळाने मार्गाचा मोठा भाग पुन्हा उद्ध्वस्त केला, आणि मार्च २०२० मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मग हिदाकात जे अशक्य ठरले ते सानरिकूत शक्य कसे झाले? तेथील समुद्र काही अधिक दयाळू नव्हता. फरक खर्च कोणाच्या खात्यावर पडला याचा होता. मोठ्या आपत्तीकडे जगाचे लक्ष असते. दररोज थोडी-थोडी झिजणारी वाळू कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. हळूहळू येणाऱ्या आपत्तीला मदतनिधी नसतो.

यावर आमचे काही मित्र आक्षेप घेतात: दिवसाकाठी मूठभर प्रवासी असलेल्या मार्गावर अब्जावधी येन ओतणे हा करदात्यांवर अन्याय नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, आणि प्रत्येक मार्ग प्रत्येक ठिकाणी कायमचा राखावा असे आम्हीही म्हणत नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. किनाऱ्यावरचा भराव हा केवळ रेल्वेचा भराव नसतो. त्याच्या मागे घरे, शेते, रस्ते असतात. तो गावाचा बांधही असतो. गावाच्या बांधाचा खर्च तिकिटांच्या उत्पन्नातून निघावा ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. १९८७ साली राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन व खाजगीकरण झाले तेव्हा दाट वस्तीच्या भागांतील कंपन्यांना फायद्याचे मार्ग लाभले आणि होक्काइदोच्या वाट्यास हिम, समुद्र व विरळ वस्ती आली. वाटणीच्या दिवशी जे ठरले त्याचेच फळ हिदाकाला मिळाले. याला निसर्गाचा कोप म्हणणे म्हणजे वाटणी करणाऱ्यांना मोकळे सोडणे होय.

यंत्रांविषयी दोन शब्द. येथे दरडीच्या जागी तारांचे कुंपण असते. दगड पडून तार तुटली की गाडीला थांबण्याचा दिवा लागतो. पाऊस, वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गाड्या थांबतात आणि त्याबद्दल कोणी स्थानकप्रमुखाच्या अंगावर धावून जात नाही. परंतु ही शिस्त उपजत नव्हे. २८ डिसेंबर १९८६ रोजी अमारुबे येथील उंच पुलावर वाऱ्याच्या धोक्याची सूचना वाजली होती. नियंत्रण कक्षाने गाडी थांबविली नाही. रिकामी गाडी वाऱ्याने खाली मासळीच्या कारखान्यावर फेकली गेली. कारखान्यात काम करणारी पाच माणसे आणि गाडीतील गार्ड, असे सहाजण मेले. घंटा बसविणे सोपे. घंटा वाजल्यावर वेळापत्रक मोडण्याचा अधिकार कनिष्ठ कर्मचाऱ्यास देणे आणि त्याने तो वापरल्यावर त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे अवघड.

कोकण रेल्वेकडे या दृष्टीने पाहावे. २६ जानेवारी १९९८ रोजी ती पूर्णत्वाने सुरू झाली. नाव कोकणचे असले तरी ती सहसा लाटांच्या काठाने जात नाही. तिचे वैरी म्हणजे जांभ्याचे व मातीचे खोल कटाव, नव्वदाहून अधिक बोगद्यांची तोंडे आणि पुराच्या नद्या. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे सुटीतील विशेष गाडी घसरून सुमारे पन्नास माणसे गेली. वर्षभराच्या आत, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला तसाच अपघात होऊन आणखी बळी गेले. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत, आणि त्यांचे श्रेय दिलेच पाहिजे. कटाव सपाट केले, जाळ्या लावल्या, उतारावर गवत रुजविले. पावसाळ्यासाठी स्वतंत्र, धिम्या गतीचे वेळापत्रक आले. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये असा चालकांना आदेश आहे. सावित्री, वाशिष्ठी यांसारख्या नद्यांच्या पुलांवर पाण्याच्या पातळीची सूचना देणारी यंत्रे आहेत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडविले तेव्हा गाड्या रोखल्या गेल्या. प्रवासी खोळंबले, त्रासले, पण जिवंत घरी गेले.

तरीही ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी व चिखल शिरला, आणि काही दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटी येथे माती रुळांवर आली. म्हणजे पोटातील पाण्याचा इलाज अद्याप अपुरा आहे. आणि या सर्व यंत्रणेच्या मुळाशी आजही आहे तो पावसात भिजत, हाती दिवा घेऊन रुळांवरून चालणारा गस्तीचा कर्मचारी. दर पावसाळ्यात असे सहाशेहून अधिक लोक चोवीस तास तैनात असतात. त्यांच्या अंगावरील रेनकोट, पायांतील बूट, त्यांची सर्पदंशावरची लस किती अंतरावर मिळते, त्यांची नोकरी कायम की कंत्राटी, हे प्रश्न आम्हांस बोगद्याच्या लांबीइतकेच तांत्रिक वाटतात.

२०२५ साली महाराष्ट्र शासनाने कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली. महामंडळाची आर्थिक शक्ती तुटपुंजी होती, हे खरे असल्यामुळे या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु १९८७ ची जपानी वाटणी डोळ्यांपुढे असल्यामुळे एक मागणी आताच नोंदवून ठेवावी, असे आम्ही आपल्या संस्थेच्या सभासदांना सुचवितो. विलीनीकरणाच्या करारात कटाव, बोगदे आणि उतारांतील पाण्याचा निचरा यांसाठी प्रवासी उत्पन्नाशी न बांधलेली, दरवर्षी मिळणारी स्वतंत्र तरतूद असावी, आणि गस्तीच्या कर्मचाऱ्यांची संख्या तीत स्पष्ट लिहिलेली असावी. आपल्या मुलांपैकी काहीजण येथील विद्यापीठांत स्थापत्य व भूगर्भशास्त्र शिकत आहेत. युईच्या विहिरी त्यांनी उन्हाळी सुटीत जाऊन पाहाव्यात, टिपणे काढावीत, आणि ती मराठीत लिहून खेड-चिपळूणच्या लोकप्रतिनिधींकडे धाडावीत. टपालखर्च आम्ही देऊ.